शेजारच्या उसातलं तणनाशक आमच्या द्राक्षांवर: भरपाई कोणी द्यायची?

जंबोवाला
नारायणगावजवळ अडीच एकर जंबो जातीची द्राक्षं आहेत. छाटणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली. बाग फुलोऱ्यात असताना पलीकडच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. दहा दिवसांत बांधाकडच्या वेलींची शेंड्याची पानं पंख्यासारखी झाली. शिरा एकमेकींना समांतर, कडा दातेरी, शेंडे मुरडलेले. घडातले निम्मे मणी गळाले, उरले ते ज्वारीएवढे. सातव्या ओळीच्या पुढे मात्र बाग ठणठणीत.

माझं मत सरळ आहे. बागेशेजारी हे मारायचं तर आधी सांगायचं, आणि नुकसान झालं तर मारणाऱ्याने भरायचं. फळपीक विमा हवामानाचा, त्यात हे बसत नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा नोंदणी आणि विक्री बघतो, माझ्या मण्यांचं त्यात काही नाही. राहिला दिवाणी दावा, म्हणजे नातवाच्या लग्नापर्यंत तारखा.

उसाचा_फड
चारशे रुपये रोज देऊनही खुरपायला बाया मिळत नाहीत. उसावर वेल चढला की तोडणीची टोळी फडात पाय ठेवत नाही. टू-फोर-डी स्वस्त पडतं, रुंद पानाचं तण मारतं, ऊस गवताच्या जातीचा म्हणून त्याला काही होत नाही. आता शेजाऱ्याला विचारून पंप उचलायचा? मग तुम्ही बागेत दिवसाआड औषधाचा ब्लोअर फिरवता तेव्हा आमच्या वैरणीवर काय उडतं, ते कधी सांगायला आलात?

आणि तुमच्याच हातून झालं नसेल कशावरून? तणनाशकाच्या टाकीत बुरशीनाशक कालवणारे पायलीला पन्नास पाहिलेत. टू-फोर-डी नळीत बसून राहतं, दोनदा पाणी फिरवून जात नाही.

जंबोवाला
टाकीतून आलं असतं तर सगळ्या बागेवर दिसलं असतं, बांधापासून आत कमी होत गेलं नसतं. बांधावरचे टोमॅटोही तसेच वाकडे झालेत. त्यांना मी जीए (मणी वाढवायचं संजीवक) देत नाही की बुरशीनाशक.

मांजरी_रोड
हा पुरावा जड आहे. व्हायरसने आणि जस्ताच्या कमतरतेनेही पानं वेडीवाकडी होतात, पण ती बागेत कुठेही ठिगळासारखी दिसतात, बांध धरून बसत नाहीत. टोमॅटो आणि द्राक्ष दोन्ही टू-फोर-डीला फार हळवी, अगदी थोड्या अंशानेही पान वळतं.

पण शेजाऱ्याने नेमकं काय मारलं ते विचारलंत का? टू-फोर-डी तीन प्रकारात मिळतं. इथाइल ईस्टर ३८ टक्के असेल तर ते मारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन उडतं, मारताना वारा नसला तरी. अमाईन सॉल्ट ५८ टक्के किंवा सोडियम सॉल्ट ८० टक्के त्या मानाने फार कमी उडतं. तिथे दोष बहुधा बारीक थेंबांचा. कीटकनाशकाचा धुकं करणारा नोझल तसाच ठेवून दाब वाढवला की १५० मायक्रॉनखालचे थेंब हवेतच राहतात. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कमी दाब आणि नोझलवर हूड (थेंब अडवणारं झाकण), एवढ्याने बरंच थांबतं. म्हणून कोणी टू-फोर-डीवर बंदी मागितली तर माझा विरोध आहे, आधी सांगण्याला नाही. (ऊस आणि द्राक्ष, दोन्हींच्या संशोधन संस्था इथे मांजरीतच आहेत. भांडण फक्त बांधावर.)

कोर्टाची_पायरी
भरपाई मिळतच नाही असं नाही. अमेरिकेत मिसूरीतल्या एका पीच बागायतदाराला शेजारून उडालेल्या डायकांबा या तणनाशकाबद्दल २०२० मध्ये ज्युरीने २६.५ कोटी डॉलर दिले. न्यायाधीशांनी ते ७.५ कोटींवर आणले, आणि अपिलात त्यातली दंडाची रक्कमही नव्याने ठरवायला परत पाठवली. तुम्ही तारखेसह फोटो काढा, कृषी सहायकाला बोलावून पंचनामा करा. पानांचा नमुना तपासणीला लगेच द्या. उशिरा दिला तर अंश सापडणार नाही, आणि समोरचा म्हणेल काही उडालंच नव्हतं.

उसाचा_फड
तो दावा तणनाशकाच्या कंपन्यांवर होता, शेजाऱ्यावर नव्हे. तेवढं सोयीस्कर विसरलात. आमच्याकडे शेजारी म्हणजे चुलतभाऊ. विहीर सामायिक, रस्ता सामायिक. पंचनामा झाला की उद्या रस्त्यावर काटे पडतात.

जंबोवाला
खरं आहे. चुलतभाऊच आहे. म्हणून अजून पंचनामा केला नाही, आणि त्याचाच राग येतो. तो रस्ता धरून बसेल म्हणून माझे मणी गळाले तरी मी गप्प बसायचं? हे मला पटत नाही, फड साहेब.

काल त्याला फोन केला. डबा पाहून सांगितलं, ईस्टर आहे. दुकानदाराने दिलं ते आणलं म्हणे. बुधवारी उरलेल्या दोन एकरांत मारायचंय. या वेळी भल्या पहाटे मारतो म्हणाला, तेव्हा वारा अजिबात नसतो.

मांजरी_रोड
पहाटे नको! डिसेंबरात तुमच्या खोऱ्यात गार हवा खाली बसलेली असते, वर ऊबदार थर. बारीक थेंब त्या गार थरात तरंगत सरळ तुमच्या बागेत येतील. ऊन चढून हवा हलायला लागू द्या, मंद वारा बागेकडून उसाकडे असेल तेव्हा मारायला सांगा. आणि तो डबा परत करून अमाईन आणायला लावा, फरकाचे पैसे हवे तर तुम्ही द्या.

उसाचा_फड
फरकाचे पैसे यांनी का द्यायचे? दुकानदाराकडून घ्या.