मदत हवी आहे : कळंबा तलावाकाठच्या कोळ्याची ओळख

नमस्कार. कोल्हापुरातील कळंबा तलावाच्या काठी, पाणवनस्पती दाट आहेत त्या भागात, दगडावर दिसलेल्या एका कोळ्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. रंग तपकिरी असून शिरोवक्षाच्या (डोके आणि छाती मिळून बनलेल्या पुढच्या भागाच्या) दोन्ही कडांनी निघालेला पांढरट पट्टा थेट पोटाच्या टोकापर्यंत जातो. मागचे पाय दगडावर रोवून त्याने पुढचे पाय पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद टेकवले होते. जवळच एक किडा पडताच तो पाण्यावरून त्या दिशेने धावला आणि माझी सावली पडल्यावर एका देठाला धरून सरळ पाण्याखाली गेला. फार देखणा जीव आहे.

या वागण्यावरून तो मासेमार कोळी असावा. पट्ट्यांमुळे निलस अल्बोसिंक्टस ही जाती मनात येते, परंतु डोलोमेडिस या मासेमार कोळ्यांच्याच दुसऱ्या प्रजातीतील काही कोळ्यांनाही असे पट्टे असतात. लांडगा कोळीही पाण्याकाठी वावरतो. त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून नेते, तर मासेमार कोळ्याची मादी ती जबड्यात धरून शरीराखाली सांभाळते. या कोळ्याजवळ मात्र पिशवी नव्हती, त्यामुळे ती खूण उपयोगी पडली नाही.

छायाचित्रे सोबत जोडली आहेत. डोळ्यांच्या मांडणीवरून निलस आणि डोलोमेडिस वेगळे ओळखता येतील का? त्याला पकडण्याची किंवा मारण्याची माझी मुळीच इच्छा नाही. म्हणून आणखी कोणत्या कोनातून छायाचित्र घ्यावे, हेही कृपया सांगावे.