कोर्टाचा कागद होता, तरी मोबाइलचं लोकेशन मागणं चुकीचं कसं?

आळशी_वाचक:
अमेरिकेतल्या कार्पेंटर खटल्याबद्दल वाचतोय. पोलिसांनी कोर्टाकडून रीतसर कागद आणला होता, तरी सुप्रीम कोर्ट म्हणतं वॉरंट नव्हतं. मग तो कागद कसला? आणि लोकेशनच्या नोंदी मोबाइल कंपनीकडे होत्या, कार्पेंटरच्या घरात कोणी घुसलंही नव्हतं.

मिशिगनकर:
मी वकील नाही. डेट्रॉइटला बचाव पक्षाच्या वकिलाकडे टॉवरच्या नोंदी एक्सेलमध्ये लावून देते.

गोम 'कागद' या शब्दातच आहे. पोलिसांकडे होती ती कोर्टाची साधी ऑर्डर, वॉरंट नव्हे. तिला 'माहिती तपासाच्या कामाची आहे असं मानायला वाजवी कारण' एवढं पुरतं. वॉरंटला प्रॉबेबल कॉज लागतं, म्हणजे गुन्ह्याचा पुरावा मिळेल असं मानायला ठोस आधार, तेही शपथेवर. ऑर्डरवर मिळालं काय, तर 127 दिवसांच्या 12,898 नोंदी! टॉवर नेमकी जागा दाखवत नाही (सिनेमातला तो लुकलुकणारा ठिपका विसरा), भोवतालचा एक पट्टा दाखवतो. पण इतके पट्टे ओळीने लावले की माणूस रात्री कुठे झोपतो, रविवारी कुठे जातो, सगळं उघडं पडतं.

कंपनीचा मुद्दा सरकारनेही मांडला होता. डायल केलेले नंबर तुम्ही स्वतःहून कंपनीला देता, त्यांना संरक्षण नाही, असा 1979 चा निकाल आहे. सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो इथे लावला नाही: फोन खिशात असला की काही न करताही नोंद होते. वॉरंट हवं होतं, हा निकाल 5 विरुद्ध 4.

चौकस_काकू:
मग सुटला का तो?

मिशिगनकर:
नाही ना काकू. पोलीस तेव्हाच्या कायद्यावर विसंबून सद्‌हेतूने वागले, म्हणून 2019 मध्ये अपील कोर्टाने पुरावा चालवून घेतला. तत्त्व जिंकलं, माणूस आतच राहिला.

आळशी_वाचक:
म्हणजे आता वॉरंट आणलं की सगळं माफ?

मिशिगनकर:
तसंही नाही. काय आणि कुठे शोधायचं ते वॉरंटमध्ये नेमकं हवं, असं अमेरिकन घटनेची चौथी दुरुस्ती (झडतीपासून संरक्षण देणारी) सांगते. जिओफेन्स वॉरंटमध्ये माणूसच ठरलेला नसतो. 'अमुक वेळी या भागात होते ते सगळे फोन द्या' म्हणतात. 2024 मध्ये पाचव्या सर्किटने (एक केंद्रीय अपील कोर्ट) ते सरळ घटनाबाह्य ठरवलं. आणि त्या खटल्यातही, सद्‌हेतू म्हणून, पुरावा राहिलाच! आमच्या साहेबांना हेच खुपतं. म्हणून फाइल आली की मी नकाशा नंतर उघडते, आधी कागदाचा मथळा आणि तारीख बघते: 22 जून 2018 च्या, म्हणजे कार्पेंटर निकालाच्या, आधीची की नंतरची.