रेडिएशन सेफ्टीचं काम चॅटबॉटला विचारून करावं का?

अर्धायुष्य:
वर्षभर हॉस्पिटलात आरएसओचं (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं) काम करताना चॅटबॉट वापरतोय. आमच्याकडे थायरॉइडच्या पेशंटना आयोडीन-१३१ देतात. त्यांच्या चादरी लगेच धुवायला जात नाहीत. अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ८ दिवसांचं, म्हणजे ८० दिवस ठेवल्या की हजारावा भाग उरतो, मग रेडिएशन मोजायचं मीटर लावून सोडायच्या. मावशींसाठी मी भिंतीवर लावलं होतं: 'किरणोत्सर्गी दूषित वस्त्रे विलंब-साठवणीत ठेवावीत.' मावशी म्हणाल्या, साहेब, हे मंत्र आहेत का? चॅटबॉटशी तीनदा घासाघीस केल्यावर मिळालं: 'या खोलीतल्या चादरींना हात लावू नका. मीटरवाल्या ताई सांगतील तेव्हाच उचला.' आता कोणी विचारायला येत नाही. पत्रकं, ट्रेनिंगचे प्रश्न, हिशेब, सगळ्याला बिनधास्त वापरावा असं माझं मत. तुमचं?

गॅमाकाका:
पत्रकाबद्दल भांडण नाही. 'हिशेब' म्हणालात तिथे अडलो. मी वेल्डिंगच्या रेडिओग्राफीत (किरणोत्सर्गी सोर्सने जोडांचे फोटो काढून तपासण्यात) २२ वर्षं आहे. परवा चॅटबॉटला मुद्दाम विचारलं: इरिडियम-१९२, ४० क्युरीचा (क्युरी म्हणजे सोर्सच्या ताकदीचं एकक) सोर्स, ७४ दिवसांनी लोकांना अडवायची दोरी किती अंतरावर बांधू? अर्धायुष्य बरोबर धरलं, २० क्युरी काढले. कॉलिमेटर (किरण एकाच दिशेला जाऊ देणारा आडोसा) नसेल तर १ मीटरवर तासाला साधारण १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या डोसचं एकक) होतात. त्याने मधल्या ओळीत मिलीचं मायक्रो केलं आणि पुढचं गणित अगदी सफाईने सोडवलं. १० मायक्रोपर्यंत उतरायला हवेत १०० मीटर, त्याने दिले सव्वातीन. सव्वातीन मीटरवर आमचा पोरगा डबा खात बसला असता!

अर्धायुष्य:
काका, एककं तर माणसंही चुकतात. एक्सेलमध्ये चुकीचा सेल ओढलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. म्हणून एक्सेल बंद केलं का?

गॅमाकाका:
एक्सेलमधली चूक सेलवर क्लिक केलं की दिसते. आणि एक्सेल 'अगदी योग्य प्रश्न विचारलात!' म्हणून माझी पाठ थोपटत नाही. दुसरी गोष्ट. कामगाराला एका वर्षात जास्तीत जास्त किती डोस चालतो, विचारा. मला ५० मिलिसिव्हर्ट सांगितलं. अमेरिकेत तेच आहे. आपल्याकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा ३०, आणि ५ वर्षांची सरासरी २०. भारतातलं सांग म्हटल्यावर माफी मागून ३० म्हणाला. ज्याला ३० माहीत आहे तोच टोकणार ना?

निळीपट्टी:
मला वेगळीच भीती आहे. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एकाने टीएलडी बॅजचा (कर्मचाऱ्याला लागलेला डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचा) तिमाही रिपोर्ट नावांसकट चॅटबॉटमध्ये टाकला, 'ट्रेंड काढून दे' म्हणून. कोणाला किती डोस लागला हे आम्ही नोटीस बोर्डावर लावत नाही, आणि हा कुठल्या सर्व्हरवर पाठवून मोकळा.

अर्धायुष्य:
हे मान्य. नावं काढून टाकायलाच हवीत. पण दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातली दुर्घटना आठवा. दिल्ली विद्यापीठातला कोबाल्ट-६०चा जुना इरॅडिएटर (वस्तूंवर किरण सोडायचं यंत्र) १९८५पासून पडून होता. २०१०मध्ये भंगारात गेला आणि एक माणूस दगावला. तिथे कोणाचं गणित चुकलं नव्हतं. विचारणारंच कोणी नव्हतं. विचारायची सवय लागत असेल तर मला चॅटबॉट चालेल.

गॅमाकाका:
तिथे स्टॉक रजिस्टर उघडणारा माणूस हवा होता. चॅटबॉट काय गोदामात जाऊन बघणार होता?

दोरीवाला:
दोन्ही साहेबांना नमस्कार. मी साइटवर रेडिओग्राफीचा कॅमेरा (सोर्स ठेवलेलं यंत्र) चालवतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला सोर्स गाइड ट्यूबमध्ये (सोर्स बाहेर नेणाऱ्या नळीत) अडकला. सोर्स आत ओढायचा क्रँक फिरतोय, मीटरचा आकडा खाली येत नाही. आरएसओंना सात वेळा फोन, उचलला नाही. मग मोबाईलवर चॅटबॉटला विचारलं. पहिलं उत्तर झकास: लांब जा, दोरी मागे सरकवा, कोणाला आत सोडू नका, मीटर हातात ठेवा, आरएसओला कळवा. पुढे मात्र लिहिलं होतं, ट्यूबचा जोड खोलून पाहा. तेवढं केलं नाही. आमचे उस्ताद सांगायचे, अडकलेल्या सोर्सजवळ हात नेणाऱ्याची बोटं जातात. पहाटे साहेब आले, शिशाच्या पिशव्या टाकून सोर्स आत घेतला.

गॅमाकाका:
म्हणजे उस्तादांनी वाचवलं.

दोरीवाला:
हो. पण उस्ताद मागच्या वर्षी रिटायर झाले आणि साहेबांचा फोन अजून तसाच. माझ्याबरोबर आता दोन नवी पोरं आहेत. ती मला विचारायच्या आधी मोबाईलला विचारतात.

अर्धायुष्य:
हे मी धागा काढताना धरलंच नव्हतं. माझ्या मावशींना शंका आली तर त्या चार पावलांवर माझ्या केबिनमध्ये येतात.

गॅमाकाका:
दोरीवाले, पोरांना जोड खोलायची गोष्ट सांगितलीत का?

दोरीवाला:
सांगितली, हसले. काका, व्यनि (खासगी निरोप) करतो, तुमचा नंबर द्या. शनिवारी रात्री परत शॉट (जोडांचे फोटो) आहेत.