‘मायनर’, ‘कंडिशन’ आणि ‘नातुराल’ : जुन्या विवाहनोंदींतील शब्दांचे अर्थ

मूळ प्रश्न

घराण्याच्या वंशावळीसाठी मी भायखळ्याच्या एका मिशन चर्चमधील १८८० नंतरच्या विवाहनोंदी जशाच्या तशा उतरवून घेत आहे आणि प्रत्येक नोंदीखाली मराठी अर्थ लिहीत आहे. पणजीच्या आईच्या नोंदीत ‘कंडिशन’ या रकान्यात ‘स्पिन्स्टर’, वयाच्या रकान्यात ‘मायनर’ आणि शेऱ्यात वडिलांची संमती असल्याचा उल्लेख आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी ‘मायनर’ या शब्दावरून हा बालविवाह होता असे मानतात. परंतु बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे लग्नाच्या वेळी तिचे वय १९ वर्षांचे भरते. ‘स्पिन्स्टर’चा आज रूढ असलेला अर्थ मात्र लग्नाचे वय उलटून गेलेली स्त्री असा आहे. एकाच मुलीला दोन्ही शब्द कसे लागू पडतात? आणि ‘कंडिशन’ला ‘परिस्थिती’ म्हणावे का?

उत्तर

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘कंडिशन’ म्हणजे येथे केवळ वैवाहिक स्थिती. अविवाहित पुरुष ‘बॅचलर’, अविवाहित स्त्री ‘स्पिन्स्टर’, आणि जोडीदार वारलेले ‘विडोअर’ व ‘विडो’, मुख्यतः हेच शब्द त्या रकान्यात येतात. ‘स्पिन्स्टर’मध्ये वयाचा अर्थ मुळीच नाही, सोळा वर्षांच्या मुलीलाही नोंदवहीत हाच शब्द लावला जाई. मराठीत ‘अविवाहित’ किंवा ‘कुमारी’ लिहिणे पुरेसे आहे. ‘परिस्थिती’ लिहिल्यास वाचणारा गरिबी-श्रीमंतीचा किंवा प्रकृतीचा अर्थ काढील.

‘मायनर’ या शब्दाकडे मात्र अधिक काळजीने पाहावे लागेल, कारण त्यावर आपल्या घराण्याच्या इतिहासातील एक विधान उभे आहे. या लग्नाला लागू असलेल्या १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे : ज्याची एकवीस वर्षे पूर्ण झालेली नाहीत आणि जो विधुर किंवा जी विधवा नाही, ती व्यक्ती ‘मायनर’. म्हणजे एकोणीस वर्षांची अविवाहित मुलगी या व्याख्येत बसते, आणि त्याच वयाची विधवा बसत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने सर्वसाधारण व्यवहारांसाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली हे खरे. पण विवाह, मेहेर, घटस्फोट आणि दत्तक या बाबतींतील व्यक्तीच्या क्षमतेला त्या कायद्याने हात लावला नाही. त्यामुळे आपल्या नोंदीवर अठराचे माप लावता येत नाही.

आकड्याऐवजी शब्द का, हेही समजून घ्यावे. त्या कायद्याला जोडलेल्या लग्नाच्या नोटिशीच्या नमुन्यातच वयाच्या रकान्यात एकापुढे ‘ऑफ फुल एज’ आणि दुसऱ्यापुढे ‘मायनर’ असे भरून दाखवले आहे. पाद्रीसाहेबांनी तीच रीत पाळलेली दिसते. वय नेमके ठाऊक असले तरी कायद्याला हवे होते ते एवढेच, की संमतीची गरज आहे की नाही.

मराठी प्रतिशब्द म्हणून मी ‘अल्पवयीन’पेक्षा ‘अज्ञान’ सुचवीन. सातबाऱ्यावरील ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘अज्ञान’ ही कायद्याची संज्ञा आहे, बुद्धीवरील शेरा नव्हे, हे सांगावे लागत नाही. आणि ‘अल्पवयीन’ म्हणताच आजच्या वाचकाच्या मनात अठरा वर्षांखालील मूल उभे राहते. तरीही कंसात ‘२१ वर्षांखालील’ असे अवश्य लिहावे. ‘बालवधू’ हा शब्द या नोंदीपुढे लिहू नये. बालविवाहाची प्रथा त्या काळी होती, आणि म्हणूनच जिथे तो झाला नाही तिथे तसे लिहून ठेवणे त्या बाईवर अन्याय आहे.

संमतीचा शेरा गाळू नका. परवाना मिळालेल्या धर्मोपदेशकाने ‘मायनर’चे लग्न लावायचे तर आधी वडिलांची संमती, वडील हयात नसतील तर पालकाची, आणि पालकही नसेल तरच आईची, असा क्रम कायद्याने ठरवून दिला होता. आपल्याकडे वडिलांची संमती आहे, म्हणजे ते तेव्हा हयात होते. दुसऱ्या एखाद्या नोंदीत आईची संमती आढळली, तर वडिलांच्या मृत्यूची नोंद त्या तारखेच्या आधी शोधायला हवी.

आणखी एक शंका

मी वांद्र्याच्या आमच्या ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातील) कुटुंबाच्या जुन्या नोंदी पाहत आहे. त्या पोर्तुगीज भाषेत आहेत. वराच्या नावापुढे ‘नातुराल’ असा शब्द आहे आणि एका नातेवाइकांनी त्याचा अर्थ ‘अनौरस’ असा सांगितल्याने घरात अस्वस्थता आहे. हा अर्थ बरोबर आहे का?

उत्तर

पुढचा-मागचा शब्द पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. ‘नातुराल द’ आणि त्यापुढे गावाचे नाव असेल, तर अर्थ ‘मूळचा त्या गावचा, तेथे जन्मलेला’ एवढाच होतो. ‘फिल्यु नातुराल’ असे जोडून आले असेल, तरच विवाहबाह्य संततीचा अर्थ निघतो. औरस मुलासाठी ‘फिल्यु लेजितिमु’ लिहीत. एकाच नोंदीत ‘लेजितिमु’ आणि ‘नातुराल द’ हे दोन्ही आढळले, तर शंकेला जागाच उरत नाही.

त्याच ओळीत वडिलांच्या नावाआधी ‘देफुन्तु’ किंवा त्याचे आखूड केलेले रूप आहे का, तेही पाहावे. त्याचा अर्थ ‘दिवंगत’. अक्षरे वर चढवून लिहिलेली असल्याने ते पुष्कळदा वडिलांच्या नावाचाच भाग समजून उतरवले जाते, आणि मग पुढच्या पिढ्या त्या नावाचा माणूस नोंदवह्यांत शोधत राहतात. ‘सोल्तैरु’ आणि ‘सोल्तैरा’ म्हणजे अविवाहित, ‘व्हियुव्हा’ म्हणजे विधवा, आणि ‘फ्रेगेझिया’ म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत ते कुटुंब मोडत होते तो धर्मग्राम. गावाच्या आणि माणसांच्या नावांचे मूळ स्पेलिंग आजच्या उच्चाराप्रमाणे सुधारू नये. आजचे रूप शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावे.