अमेरिकी टपालसेवेचा तोटा: निवृत्तांचा खर्च कितपत कारणीभूत?

पत्रपेटी:
अमेरिकेच्या टपालसेवेच्या तोट्याचे खापर कधी ई-मेलवर, तर कधी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या खर्चावर फोडले जाते. २०२२ च्या कायद्याने हा भार हलका केला असेल, तर तोटा अजून कसा होतो?

हिशेबनीस:
निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा खर्च कित्येक वर्षे आधीच निधीत साठवण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने टपालसेवेवर घातले आणि त्यासाठी २००७ ते २०१६ पर्यंत वर्षाला साधारण साडेपाच अब्ज डॉलरचे हप्ते ठरवून दिले. पाठोपाठ मंदी आली. २००९ चा हप्ता संसदेने १.४ अब्जांवर आणला, परंतु ती सवलत त्या वर्षापुरतीच होती. २०१२ मध्ये दाखवलेल्या १५.९ अब्जांच्या तोट्यात ११.१ अब्ज हे थकलेले दोन हप्तेच होते. म्हणजे ही रक्कम तिजोरीतून गेलीच नव्हती, फक्त हिशेबात खर्च म्हणून दाखवली होती. एप्रिल २०२२ मध्ये सुमारे ५७ अब्जांची थकबाकी रद्द झाली आणि त्या वर्षी ५६ अब्जांचा नफा दिसला. तो कागदी नफा होता, हे ध्यानात घ्यावे.

दूरदेशी:
वरील हिशेब मान्य आहे, पण सारा दोष हप्त्यांना देणे मला पटत नाही. प्रथम श्रेणीची टपालपत्रे २००१ मध्ये १०३ अब्जांहून अधिक होती, ती २०२३ मध्ये सुमारे ४६ अब्जांवर आली. उलट पोहोचवायचे पत्ते दरवर्षी वाढतच असतात. ही सेवा करांच्या पैशावर नव्हे, मुख्यत्वे स्वतःच्या कमाईवर चालते. शिवाय २०२२ चा कायदा आरोग्यविम्यापुरता होता, निवृत्तिवेतन निधीतील तूट भरून काढण्याचे हप्ते तसेच राहिले. हा निधी केवळ सरकारी रोख्यांत गुंतवता येतो, त्यामुळे परतावाही मर्यादित मिळतो. २०२३ चा तोटा ६.५ अब्ज आणि २०२४ चा ९.५ अब्ज होता.

पत्रपेटी:
आभारी आहे. भारतीय डाक विभागाशी याची तुलना करता येईल का?

हिशेबनीस:
फारशी नाही. आपला डाक विभाग हे सरकारी खाते असल्यामुळे त्याच्या निवृत्तिवेतनाची तरतूद केंद्रीय अर्थसंकल्पातच होते. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली, तर खेड्यापाड्यांत टपाल पोहोचवणारे ग्रामीण डाक सेवक नियमित निवृत्तिवेतनाच्या कक्षेत येतच नाहीत.