प्रिन्स ऑफ पर्शिया आणि आपण खानदेशी: तुमचे अनुभव लिहा

डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' टाइप करून एंटर मारणारे आणि 'सँड्स ऑफ टाइम' या नंतरच्या गेमपासून या राजपुत्राला ओळखणारे, अशा दोन्ही पिढ्या आपल्याकडे आहेत. दोघांसाठी हा धागा. जॉर्डन मेकनरने १९८९ साली ॲपल टू संगणकावर हा गेम आणला. माझ्यापर्यंत जळगावात तो पोचला संगणकाच्या क्लासमधल्या फ्लॉपीवरून. त्याआधी पाहिलेल्या गेममधली माणसं ठोकळ्यांसारखी सरकायची. हा मात्र धावता धावता पाय घासत थांबायचा, कडेला लोंबकळून अंग वर ओढून घ्यायचा. मेकनरने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल बेतली, हे फार नंतर वाचलं. पण शरीराचं ते वजन तेव्हाही जाणवायचं. राजपुत्र खिळ्यांवर पडला की खुर्चीमागे दाटीवाटीने उभी असलेली पोरं एका सुरात ओरडायची, "मेला ना भो!"

कुठे खेळलात, कोणासोबत, कुठे अडकलात, पुढचे भाग, सिनेमा, चित्रकथा यातलं काय भावलं? सगळं लिहा. अहिराणीत लिहिलंत तर आणखी चांगलं.

भुसावळहून:
मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते. सगळी गँग मित्राच्या घरी, कूलरपुढे. एक जण खेळणार, एक वहीत नकाशा काढणार, तिसरा वेळ सांगणार, कारण ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचलंच पाहिजे. कंट्रोल-जी दाबून गेम सेव्ह करता येतो, पण तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच. त्याआधी भारनियमन झालं की पुन्हा पहिल्या तळघरापासून. कोणी कुरकुर करत नसे, उलट पुढचा गडी तयारच असे. बाराव्या लेव्हलला आपलीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपणच मरतो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर धावत जायचं, मग दोघं एक होतात. हे आमच्यातल्या सगळ्यात शांत पोराला सुचलं. त्या दिवशी त्याला आम्ही शेवभाजीची पार्टी दिली होती.

धुळ्याहून:
मुलींपैकी कोणीच का लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. भावाच्या शेजारी बसून मी पाहायचे. आजी मागून विचारायची, "कोना पोऱ्या शे हाऊ? इतला का पळी ऱ्हायना?" मला मात्र राजकन्येची काळजी. ती बिचारी वाळूच्या घड्याळाशेजारी नुसती उभी. आठव्या लेव्हलला दार बंद होऊन राजपुत्र अडकतो तेव्हा तीच उंदीर पाठवते आणि दार उघडतं. ती एवढंच करते, पण मला ते फार मोठं वाटायचं.

मग २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' इंजिनिअरिंगच्या वर्षांत हाती आला आणि मी हरखलेच. गोष्ट सुरू होते ती भारतातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्यापासून, आणि फराह ही त्याच महाराजाची मुलगी. हातात धनुष्य, भिंतीतल्या अरुंद फटीतून ती जाते, राजपुत्राला जमत नाही. तिच्या बापाचं राज्य लुटणाऱ्यावर तिने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न गेम सोडून देत नाही. राजपुत्र पडून मेला की त्याचाच आवाज येतो, की नाही नाही, असं नव्हतं झालं. म्हणजे आपण खेळतोय ती त्याने सांगितलेली गोष्ट! शेवटी तो काळ मागे नेतो, तिला सगळं आठवून सांगतो, आणि तिला त्यातलं काहीच माहीत नसतं. मी रडले होते.

२०१० च्या सिनेमात फराह नाही, तमीना आहे. चांगली आहे, पण माझी फराह ती नव्हे.

शहाद्याहून:
मी 'वॉरियर विदिन'वाला, म्हणजे 'सँड्स'नंतरच्या २००४ च्या भागाचा. सायबर कॅफेत हेडफोन लावून खेळताना काळाचा राखणदार राक्षस दहाका मागे लागला की छातीत धडधडायचं. ताई, तुम्हाला तो कर्कश गिटार आणि रागीट राजपुत्र आवडणार नाही, पण केलेल्याची फळं पाठलाग करतात हे मला त्यातच पटलं.

अमळनेरहून:
मी प्रोग्रामिंग शिकवतो. दर वर्षी नव्या बॅचला या सावलीची गोष्ट सांगतो. मेकनरला गेममध्ये लढाई नकोच होती. सहकारी टोमी पिअर्स मात्र 'लढाई घाल' म्हणून मागे लागली होती. पण नवं पात्र घालायला मेमरी उरली नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रं एक बिट सरकवून मूळ चित्रांशी एक्सॉर केली (म्हणजे दोन्हींत वेगळे असतील तेवढेच ठिपके उरवले), आणि चमकत्या कडांची भुतासारखी आकृती तयार झाली. तीच सावली. अडचणीतून एवढं सुंदर पात्र निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात जुन्या डिस्क सापडल्या आणि मेकनरने तो सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम, सर्वांसाठी खुला केला. संगीतही याच वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. मुलं असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेतले ते कागद पाहतात तेव्हा एरवी कंटाळणारीही पुढच्या बाकावर येऊन बसतात.

पारोळ्याहून:
२००८ ची चित्रकथा कोणी वाचली आहे का? ती गेमची नक्कल नाही, वेगळ्या काळांतल्या दोन राजपुत्रांची गोष्ट आहे. नक्की वाचा.

जळगावहून, सध्या पुण्यात:
'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनणार अशी घोषणा २०२० साली झाली, आणि काम पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे. तो आनंद अजून आठवतो. २०२२ मध्ये ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं तेव्हा घरचं कार्य दुसरीकडे हलवल्यासारखं वाटलं. पण २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन' सोडू नका. नायक सारगॉन, काफ पर्वत, सिमुर्ग पक्षी, आणि संवाद फारसीत ऐकायची सोय. माझ्या मुलाने तोच पर्याय निवडला.

आणि ज्यांना जुनाच हवा त्यांच्यासाठी: चाहत्यांनी डॉसचा गेम उलगडून आजच्या संगणकांवर चालणारा एसडीएलपॉप बनवला आहे, त्यात स्वतःच्या लेव्हलही घालता येतात. भुसावळकर, तुमची ती नकाशांची वही अजून असेल तर फोटो टाका. नवव्या लेव्हलचा नकाशा मला आधी हवा आहे.