पाल्याने जास्वंद काळी पडली, आत्ताच छाटू का?

लश्करची_बाग:
नमस्कार, ग्वाल्हेरहून विचारतेय. आमच्याकडे मावठा पडून गेला, मग दोन दिवसांनी आभाळ एकदम स्वच्छ झालं, वारा पण बंद, आणि सकाळी बघते तर दुर्वांवर पांढरा थर. पाला म्हणजे इथला हिंदीतला पाला बरं का, झाडपाला नाही, दंव गोठतं ते. जास्वंदीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती आणि दुपारपर्यंत काळी झाली, क्रोटनची गळून पडली, एक्झोरा तांबूस पडलाय. मोबाईलवर तर किमान ३ डिग्री दाखवत होते, मग दंव गोठलंच कसं? आदल्या रात्री झाडांवर प्लॅस्टिक पण टाकलं होतं, तरी जिथे ते पानांना टेकलं होतं तिथेच जास्त जळालंय. ही जास्वंद सासूबाईंनी लावलेली, गणपतीला हिचीच फुलं वाहतो आम्ही, खूप जीव तुटतोय. माळी म्हणतो आत्ताच कापा नि युरिया टाका. काय करू?

मुरारचा_माळा:
ताई, कात्री लावू नका अजून! काळी पानं दिसायला वाईट दिसतात पण खालच्या फांद्यांवर तेवढंच पांघरूण असतं, आणि आत्ता छाटलं की दोन-चार उबदार दिवसांत कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या पाल्यात तेच आधी जातात. युरियाचंही तेच, थंडी संपेपर्यंत अजिबात नको, खरं तर नोव्हेंबरपासूनच बंद ठेवायचा.

३ डिग्रीचं म्हणाल तर हवामानवाल्यांचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर पेटीत असतो. स्वच्छ रात्री जमीन आणि पानं आपली ऊब सरळ आभाळाकडे सोडत राहतात, ढग असते तर त्यातली बरीच परत आली असती आणि वारा असता तर वरची जरा गरम हवा खाली मिसळली असती, यातलं काहीच नसलं की गवताजवळ पेटीपेक्षा तीन-चार डिग्री कमी होऊ शकतं. म्हणून मी आकडा ४ दिसला आणि रात्री चांदण्या लख्ख दिसल्या की झाकतोच.

झाकायचं पण कापडाने. जुनी चादर, बारदान काहीही चालेल, फक्त चार काठ्या रोवून त्यावरून टाका, पानांना लागू देऊ नका आणि कडा जमिनीपर्यंत येऊ द्या. ऊब मातीतून वर येते, ती आत अडवायची असते. बरेच जण वरचा शेंडा बांधून खाली बुंध्याशी दोरी आवळतात, त्याने मातीची ऊब बाहेरच राहते. सकाळी ऊन आलं की काढून टाका. आणि त्या दिवशी दुपारी जमिनीला पाणी द्या, ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते.

थाटीपूर_गच्ची:
वरचं सगळं पटलं, फक्त एक सांगते, क्रोटन जमिनीत लावायचा हट्ट सोडा ताई. तो पाल्याची वाट पण बघत नाही, १० डिग्रीच्या खाली गेलं की कुरकुरायला लागतो. एक्झोरा पण तसाच नाजूक. मी दोन्ही कुंड्यांमध्ये ठेवते आणि डिसेंबर लागला की दक्षिणेच्या भिंतीला छज्जाखाली सरकवते, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते आणि छज्जामुळे वरचं आभाळ झाकलं जातं. कुंडीत मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो म्हणून भोवती बारदान गुंडाळते.

बारा महिने हिरवं हवं असेल तर कुंती लावा, आमच्याकडे इतक्या थंडीतही टिकलीय. कण्हेर तर त्याहून चिवट, पण ती विषारी, घरात लहान मूल किंवा गाय-वासरू असेल तर मी नाही सांगणार.

लश्करची_बाग:
दोघांचे मनापासून आभार. जास्वंद मेलीय की जिवंत ते आत्ता कळेल का?

मुरारचा_माळा:
नखाने साल जराशी खरवडा, वरून खाली येत जा. आत हिरवं ओलं दिसलं तिथपर्यंत जिवंत, तपकिरी कोरडं ते गेलं. होळीच्या सुमारास पुन्हा बघून मगच हिरव्यापर्यंत छाटा, कारण आत्ता मेल्यासारखी दिसणारी फांदी कधीकधी फुटते. आणि वरचं सगळं गेलं तरी उपटू नका, बुंध्यापासून फुटवे यायला एप्रिल उजाडतो.

लश्करची_बाग:
आत्ताच बघून आले. शेंडे गेलेत, पण जमिनीपासून हातभर हिरवी आहे! चादर काढून ठेवलीय, रात्री मुलाला घेऊन काठ्या रोवते.